सातच्या तासाचा मन्मथ

मन्मथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी जेवून पेपर चाळत बसलो होतो. फोन त्याच्या मुलीचा, शैलजाचा. “काका, बाबा गेले सकाळी,” एवढंच ती म्हणाली. आणि मग तिनंच मला विचारलं, “तुमचं जेवण झालंय ना? मग निघा. पाचला माती आहे.” बापाचीच मुलगी. मन्मथनंही आधी समोरच्याचं जेवण विचारलं असतं. मी लातूरची एस.टी. धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूरजवळ रस्त्याचं काम चालू होतं तिथं गाडी पाऊण तास उभी राहिली, आणि मी त्याच्या गल्लीत शिरलो तेव्हा माणसं परत येत होती. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून माती दिली होती. “शाळेत बसायचे तसेच बसल्यासारखे वाटत होते सर,” शेजारचा एक जण मला म्हणाला. मी मान हलवली. मला रडू आलं नाही. डोळ्यांपुढे आला तो बसलेलाच मन्मथ, पण दुसऱ्या जागी… परीक्षेचा लांबलचक हॉल, सगळे बाक रिकामे, आणि मधल्या ओळीत मान खाली घालून एकटा लिहिणारा.

त्याला आता सहा आठवडे झाले. शोकसभेत त्याच्या विद्यार्थ्यांनी त्याच्याबद्दल खूप सांगितलं, ते सगळं खरं होतं. मला सांगायची आहे ती गोष्ट त्या सभेत सांगता आली नाही, कारण तिच्यात मी फारसा चांगला दिसत नाही.

आम्ही भेटलो नांदेडला, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. सत्तरचं दशक अर्धं उलटलं होतं. मी चाकूरजवळच्या खेड्यातला, घरी शेती. तो जळकोटचा, वडिलांचं कापडाचं दुकान. अर्थशास्त्र आम्ही दोघांनी आवडीनं घेतलं होतं असं म्हणता येणार नाही. आमच्या कॉलेजात ज्या दोन विषयांचं एम.ए. होतं त्यांतला तो एक. वसतिगृहात आम्हाला एकच खोली मिळाली. दोन लोखंडी खाटा, एक टेबल, एक खिडकी आणि खिडकीबाहेर एक कडुलिंब. आमच्या तेव्हाच्या काळज्या आजच्या मुलांना सांगितल्या तर हसतील. लायब्ररीतलं पुस्तक सध्या कुणाच्या नावावर आहे, मेसमधला भात संपायच्या आत आपण पोचतो का, तांब्यात निखारे घालून शर्टला इस्त्री करायची तर निखारे कुणाकडे मिळतील, रविवारी गोदावरीच्या घाटावर कपडे धुवायला जाताना साबण कुणाचा न्यायचा… पुढं काय व्हायचं, हा प्रश्न कुणी विचारत नसे. पास व्हायचं, एवढं ठरलेलं होतं. पासाच्या पुढं जे काही असेल ते आपोआप येईल अशी आमची समजूत होती.

संख्याशास्त्राचं मराठीतलं बरं पुस्तक एकच होतं आणि लायब्ररीत त्याच्या दोन प्रती. एक विभागप्रमुखांच्या कपाटात कायमची गेलेली. दुसरी मन्मथनं चिकाटीनं मिळवली आणि वर्षभर दर पंधरा दिवसांनी पुन्हा आपल्या नावावर करून घेतली. खोलीत त्या पुस्तकाची वाटणी झाली: दुपारी चारपर्यंत ते त्याच्याकडे, चारनंतर माझ्याकडे. तशीच वाटणी माझ्या डब्याची. माझा डबा दुपारच्या गाडीनं गावाकडून यायचा. माय पहाटे उठून भाकरी थापायची, कुणाच्या तरी हाती डबा चाकूरच्या स्टँडवर पोचायचा, कंडक्टर तो आपल्या सीटखाली ठेवायचा आणि मी किंवा मन्मथ नांदेडच्या स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचो. जळकोट पडलं आडबाजूला, तिकडून डबा येणं शक्य नव्हतं. हे मायला कळल्यावर तिनं चार भाकरींच्या आठ केल्या. मन्मथ लिंगायत आहे हे कळल्यावर तर वर्षभर आमच्या डब्यात एकदाही वशाट आलं नाही. मी कुरकुर केली तेव्हा तिनं निरोप पाठवला, “खायचंच असंल तर घरी येऊन खा.”

संख्याशास्त्र शिकवायला काझी सर होते. कंधारकडचे, आमच्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठे, सडपातळ, आवाज हळू. त्यांची नेमणूक तात्पुरती होती, वर्षावर्षाच्या बोलीवर. तात्पुरत्या माणसाला वेळापत्रकात जी जागा उरते ती मिळते, तशी त्यांना सकाळी सातची मिळाली. दसरा-दिवाळी होईपर्यंत आम्ही सव्वीसच्या सव्वीस जण तासाला जात होतो. थंडी सुरू झाली तसे आम्ही गळत गेलो. नांदेडची थंडी फार नसते, पण घोंगडीतून न उठायला तेवढी पुरे. मन्मथ मात्र पाचला उठायचा, आंघोळ करायचा, भिंतीकडे तोंड करून तळहातावर लिंग ठेवून पूजा करायचा आणि साडेसहाला माझ्या खाटेचा लोखंडी दांडा वाजवायचा.

“व्यंकट, ऊठ. सर निघाले असतील घरून.”

“तू हो पुढं. मी आलोच.”

तो पुढं व्हायचा. मी जात नसे. आठला तो परत यायचा तेव्हा त्याच्या हाताला थंडीनं काटा आलेला असायचा आणि मी दात घासत असायचो. “काय झालं आज?” असं मी विचारायचो, तो सांगायला लागायचा, आणि दोन वाक्यांनंतर मी म्हणायचो, “असू दे, परीक्षेच्या आधी बघू.” त्या महिना-दीड महिन्यात काझी सरांनी सहसंबंधाचं प्रकरण पूर्ण शिकवलं. वर्गात चार-पाच जण असत. सरांनी कधी हजेरीचा धाक घातला नाही. तात्पुरता माणूस कुणाला धाक घालणार?

परीक्षा उन्हाळ्यात झाली. संख्याशास्त्राच्या पेपरला आम्ही सगळे एका हॉलमध्ये होतो. मन्मथ मधल्या ओळीत, मी त्याच्या मागच्या बाकावर. पेपर हातात पडला आणि मी आधी दोन सक्तीचे प्रश्न वाचले. दोन्ही सहसंबंधावरचे. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, मग ती वाढली, मग बालाजी उठून उभा राहिला. बालाजी आमच्या वर्गाचा प्रतिनिधी, बोलायला खमका. “हे शिकवलंच न्हाई,” तो म्हणाला. “पोर्शनच झाला न्हाई तर लिहायचं काय? चला बाहेर.” एक उठला, चार उठले, आणि बघता बघता बाकांचा खडखडाट झाला. मीही उठलो. जाता जाता मन्मथच्या खांद्यावर हात ठेवला.

“मन्मथ, ऊठ.”

त्यानं वर पाहिलं नाही. “शिकवलंय की रे सरांनी,” तो हळूच म्हणाला.

“सगळे उठले. तू एकटा बसून काय करणार?”

“तू जा. मला जेवढं येतंय तेवढं लिहितो.”

मी दारापर्यंत जाऊन मागं वळून पाहिलं. सुपरवायझर काय करावं ते न कळून मधोमध उभे होते. पंखे फिरत होते. मन्मथ लिहीत होता.

दुपारी मेसमध्ये सगळे जमले. तक्रारीचा अर्ज द्यायचा ठरलं. नुसतं ‘पेपर अवघड होता’ म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, हे बालाजीला बरोबर कळत होतं. सहसंबंधाचं प्रकरण वर्गात शिकवलं गेलं नाही, असं लिहायचं ठरलं. लिहिणार कोण? भाषा माझी बरी होती, अक्षर चांगलं होतं. मी लिहिलं. ‘सदर प्रकरण संबंधित प्राध्यापकांनी अखेरपर्यंत शिकवले नसल्याने विद्यार्थ्यांचे अपरिमित नुकसान झाले आहे…’ अपरिमित हा शब्द सुचला याचा मला त्या वेळी आनंद झाला होता, हे अजून आठवतं. वाक्य लिहिताना मला काझी सरांचा चेहरा आठवला का? आठवला. पण त्यांचं काय होईल हा विचार मी पुढं नेला नाही. आपलं एक वर्ष वाचतंय का, एवढाच प्रश्न होता. खाली पंचवीस सह्या झाल्या, सातच्या तासाला बसणाऱ्या इतर तिघा-चौघांच्याही. सव्विसावी मिळवायला बालाजी आमच्या खोलीत आला. मन्मथनं अर्ज पूर्ण वाचला, परत दिला आणि म्हणाला, “तास झालेत. मी बसलोय त्या तासांना. सही कशी करू?” बालाजी बरंच काही बोलला. मी तिथंच माझ्या खाटेवर बसून होतो.

कॉलेजनं तीन जणांची समिती नेमली. मन्मथला बोलावणं आलं. तो जाताना संख्याशास्त्राची वही घेऊन गेला, तेव्हाच वसतिगृहात काय समजायचं ते सगळ्यांनी समजून घेतलं. त्याच्या वहीत प्रत्येक तासाला वर तारीख घातलेली असायची. ती वही समितीपुढं उघडली गेली आणि ‘शिकवलंच नाही’ हे तिथंच संपलं. काझी सरांची नोकरी वाचली. पण पंचवीस मुलांचं वर्ष घालवायचं कुणाच्या मनात नव्हतं. बालाजीच्या ओळखी होत्या, कुणीकुणी शब्द टाकले, आणि महिन्याभरानं उठून गेलेल्यांसाठी पेपर पुन्हा घ्यायचं ठरलं. ज्यानं दिला होता त्याचा आधीचाच धरणार. म्हणजे मन्मथला तो अवघड पेपर, आम्हाला नवा. नवा सोपा निघाला. मला अडुसष्ट मार्क पडले, मन्मथला सत्तेचाळीस. ज्याला तो विषय येत होता त्याला सत्तेचाळीस.

त्या उन्हाळ्यात वसतिगृहात ठरलं, मन्मथशी बोलचाल बंद. हे कुणी कागदावर लिहिलं नव्हतं, पण सगळे पाळत होते. मेसमध्ये तो बसला की शेजारची जागा रिकामी राहायची. मला हे पाळणं अवघड होतं, कारण मी त्याच्याच खोलीत राहत होतो; आणि सोपंही होतं, कारण न बोलण्यानं मला काही सांगावं लागत नव्हतं. दुसऱ्या वर्षालाही खोली तीच राहिली. मी वॉर्डनकडे बदलून मागितली, त्यांनी दिली नाही. पावसाळा सुरू झाल्यापासून दिवाळी तोंडावर येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिने, आम्ही दोन माणसं दहा बाय बाराच्या खोलीत एकमेकांशी एक अक्षर न बोलता राहिलो. आज हे लिहिताना मला त्याचं नवल वाटतं, तेव्हा ते रोजचं होऊन गेलं होतं. दुसऱ्या वर्षाचंही एक पुस्तक सामायिक होतं. चार वाजले की मन्मथ ते टेबलाच्या माझ्या बाजूला सरकवायचा. पानात खूण म्हणून कडुलिंबाची वाळलेली काडी. डबा आला की मी अर्धा त्याच्यासाठी टेबलावर ठेवायचो. पहिले दोन दिवस त्यानं हात लावला नाही. तिसऱ्या दिवसापासून निम्मं खाऊन डबा घासून पालथा घालून ठेवायला लागला. आणि सकाळी साडेसहाला खाटेचा दांडा वाजायचा. नुसता दांडा, शब्द नाही. मी उठू लागलो होतो. का, ते विचारू नका.

हे मोडलं ते मायनं. दिवाळीच्या आधी ती न सांगता नांदेडला आली, डबा स्वतःच घेऊन. मी लायब्ररीत होतो. परत आलो तर ती माझ्या खाटेवर मांडी घालून बसलेली आणि मन्मथ तिला माठातलं पाणी देत होता. त्याचं तिचं अगदी व्यवस्थित चाललं होतं, जळकोटचं, दुकानाचं, तिच्या गुडघ्याचं. मी आलो आणि खोली गप्प झाली. माय लिहिणं-वाचणं न शिकलेली बाई, पण तिला एका नजरेत कळलं.

तिनं खाली पेपर अंथरले, भाकरी सोडली, ठेच्याचं आणि लोणच्याचं पुडकं सोडलं आणि आम्हाला समोरासमोर बसवलं. दोन-चार घास झाले.

“का रे,” ती मन्मथला म्हणाली, “ह्यो काहून बोलून न्हाई राहिला तुझ्यासंगं?”

मी घास तसाच तोंडात धरला. त्यानं ठरवलं असतं तर त्या मिनिटाला सगळं सांगता आलं असतं.

“परीक्षा आली जवळ, माय,” मन्मथ म्हणाला. “अभ्यास लई हाय औंदा.”

“अभ्यासानं तोंड शिवलं जातंय व्हय?” मायनं विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आन तू. त्याच्या पानात लोणचं न्हाई, दिसंना का तुला?”

लोणचं माझ्या बाजूला होतं. मी पुडकं त्याच्याकडे सरकवलं. “घे,” म्हटलं.

“हाव,” तो म्हणाला.

एवढंच. त्या दिवसापासून आम्ही पुन्हा बोलू लागलो, जणू मधले चार महिने आम्ही दोघं गावी गेलो होतो. मेसमध्ये मी त्याच्या शेजारी बसू लागलो. दोघं-चौघं माझ्याशी तुटक वागले, मग तेही विसरले. माफी मागायची राहिली. बोलणं सुरू झाल्यावर ती आणखी अवघड होऊन बसली. आधी मागितली असती तर बोलण्यासाठी मागितली असं झालं असतं. आता मागायची तर कशासाठी, असं मी मला समजावत राहिलो.

निकाल लागला. प्राध्यापक व्हायला एम.ए.ला पंचावन्न टक्के लागत. मला सत्तावन्न मिळाले, मन्मथला त्रेपन्न. त्या एका पेपरात तो आमच्यासारखाच उठून गेला असता तर कदाचित तोही पंचावन्नच्या वर असता. हे गणित वसतिगृहात प्रत्येकानं मनात केलं होतं, कुणी बोललं नाही. नांदेडच्या एका कॉलेजात जागा निघाली. मला मुलाखतीचं बोलावणं आलं. मन्मथ तेव्हा जळकोटला दुकानात बसत होता, तो मुद्दाम आदल्या दिवशी आला, त्यानं माझ्या शर्टला इस्त्री केली आणि मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर दोन तास बसून राहिला. मी बाहेर आल्यावर विचारलं त्यानं एकच, “संख्याशास्त्रातलं काही विचारलं का?” विचारलं होतं. सहसंबंधावरचंच विचारलं होतं आणि मी बरं उत्तर दिलं होतं, कारण नव्या पेपरासाठी मी ते प्रकरण चोरून त्याच्याच वहीतून वाचलं होतं. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला ते ठाऊक असणार. वही जागेवरून हललेली त्याला कळत असे.

मी नांदेडला चौतीस वर्षं नोकरी केली आणि विभागप्रमुख होऊन निवृत्त झालो. मन्मथ रेणापूरच्या एका शाळेत लागला, दहावीला गणित शिकवू लागला, आणि शेवटपर्यंत तेच शिकवत राहिला. लातूरला घर केलं. रोज रेणापूरला बसनं जाऊन-येऊन. त्याच्या वर्गातली किती मुलं पुढं इंजिनिअर झाली, डॉक्टर झाली, ते शोकसभेत सांगून झालंय. त्यानं माझ्याकडे कधी खंत केली नाही, आणि मला ते पटतही असे, कारण त्याचा चेहरा खंत करणाऱ्याचा नव्हता. आम्ही वर्षातून दोन-तीनदा भेटायचो. तो नांदेडला आला की गुरुद्वाऱ्याच्या बाजूनं चक्कर मारून घाटावर जायचो, मी लातूरला गेलो की गंजगोलाईत चहा. बोलणं मुलांचं, दुखण्यांचं, कुणाच्या बदलीचं. त्या पेपराचं कधीच नाही.

चारेक वर्षांपूर्वी लातूरला एका लग्नात मला काझी सर भेटले. माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठे, पण हातात काठी आली होती. मी वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. “तुम्ही मन्मथचे रूम पार्टनर,” ते म्हणाले. “आज मी पेन्शन खाऊन राहिलो ना, ते त्या पोराच्या वहीमुळं.” मग त्यांनी मला समितीपुढं काय झालं ते सांगितलं, कारण मला ते माहीत असेल अशी त्यांची समजूत होती. त्या दिवशी ते आतच होते. मन्मथला विचारलं, तास झाले का? झाले. किती मुलं होती? चार-पाच. बाकीची का नव्हती? तो म्हणाला, “थंडी लई होती, सर.” समितीतल्या एकानं मग नाव घेऊन विचारलं, तुमच्या खोलीतला व्यंकट तासाला यायचा का? त्यावर मन्मथ म्हणाला, “त्याला उठवायला मी कमी पडलो.”

काझी सर हसले. “मला वाटलं, हा पोरगा वकील व्हायला पाहिजे होता,” ते म्हणाले. मला हसू आलं नाही. लग्नात जेवण कसं होतं ते मला आठवत नाही.

त्यानंतरही मला मन्मथकडं हे बोलायला जायला तीन वर्षं लागली. मध्ये आजारपणं आली, त्याची बायपास झाली, माझी पत्नी गेली. गेल्या उन्हाळ्यात एकदाचा ठरवून गेलो. तो बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, वाळून अर्धा झालेला. त्याची बायको, गिरिजावैनी, चहा देऊन आत गेल्या. मी कप खाली ठेवला.

“मन्मथ, तो तक्रारीचा अर्ज मी लिहिला होता.”

“मालूम हाय,” तो म्हणाला.

“कधी कळलं?”

“समितीनं दाखवला की मला कागद. तुझं अक्षर मी वळखणार न्हाई का? ‘अपरिमित’ बी तुझंच.” आणि तो हसला, आवाज न करता.

म्हणजे ते सगळे चार महिने, खाटेचा दांडा वाजवताना, चार वाजता पुस्तक सरकवताना, डबा घासून ठेवताना, मायपुढं बसून अभ्यासाचं नाव सांगताना… त्याला ठाऊक होतं. मी हे सगळं मनात जुळवत बसलो आणि मग जे तोंडात आलं ते विचारलं.

“मग तू बोलला का नाहीस रे इतकी वर्षं?”

“मी?” तो म्हणाला. “मी बोलतच होतो की. तूच बोलत नव्हतास.”

मी माफी मागितली. पन्नास वर्षं उशिरा, दोन वाक्यांत, अडखळत. त्यानं ऐकून घेतली. ‘जाऊ दे’ म्हणाला नाही, ‘त्यात काय’ म्हणाला नाही. मान खाली घातली आणि म्हणाला, “बरं झालं आलास. मला वाटायचं, हे तुझ्याच्यानं होतंय का न्हाई.” म्हणजे तो वाट पाहत होता. त्याला काहीच वाटलं नसेल, असं मी जे इतकी वर्षं सोयीनं धरून चाललो होतो, ते चूक होतं. मग त्यानं वैनींना हाक मारली आणि मला जेवायला वाढायला सांगितलं. ती आमची शेवटची भेट.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा लातूरला गेलो होतो, वैनींना भेटायला. बाहेरच्या खोलीत खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. त्याच भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेलं होतं, त्याच्या काही रकान्यांत पेन्सिलीनं बारीक आकडे घातलेले. मी ते काय आहे विचारलं. लातूरच्या नळाला पाणी कधी आठवड्यानं येतं, कधी दहा दिवसांनी, आणि केव्हा येईल ते कुणी खात्रीनं सांगत नाही, हे मला माहीत होतं. मन्मथनं निवृत्तीनंतर प्रत्येक खेपेची वेळ लिहून ठेवायला सुरुवात केली होती आणि त्यावरून पुढची खेप केव्हा येईल त्याचा अंदाज तो पेन्सिलीनं आधीच मांडून ठेवायचा. पाणी आलं की खरी वेळ खाली पेनानं लिहायचा. गल्लीतली माणसं सकाळी कामावर जाताना त्याला विचारून जायची, “सर, आज का उद्या?”

“जायच्या आधी पुढच्या तीन महिन्यांचं मांडून ठेवलंय,” वैनी म्हणाल्या. “आजचा दिवस हाय बघा त्यात. चार वाजताचं.”

मी बाहेर पाहिलं. समोरच्या घरापुढं दोन निळे ड्रम आणून ठेवले होते. त्याच्या पलीकडच्या बाईनं पाइप जोडून ओट्यावर टाकला होता. तिच्यापुढं बादल्या, घागरी, एक जुना टब. गल्लीच्या टोकापर्यंत प्रत्येक दारात काही ना काही मांडलेलं होतं. महानगरपालिकेकडून काही कळलेलं नव्हतं.

चार वाजले, काही झालं नाही. सव्वाचार झाले. कुणी भांडी आत नेली नाहीत. समोरच्या बाईनं एकदा वैनींकडं पाहिलं आणि पुन्हा ओट्यावर टेकली. मग चार पस्तीसला मोरीतला नळ घरघरला, आधी नुसती हवा आली, मग गढूळ धार, मग स्वच्छ. गल्लीभर ड्रम वाजू लागले. वैनी हात पुसत बाहेर आल्या, घड्याळ पाहिलं, कॅलेंडरमागं खोचलेलं पेन काढलं आणि त्याच्या पेन्सिलीतल्या चाराखाली सावकाश लिहिलं, चार पस्तीस. मग आत जाऊन त्यांनी हंडा लावला.